हौद्यावरचे आच्छादन

झरी, ८ मे १९५७

आज चिरंजीव राधाकिशनने आपल्या आईची इच्छा माझ्यापुढे मांडली. पाणी चढण्यापूर्वी तिला एकदा पालमला, माहेरी जायचे आहे. तिचे थोरले बंधू वैजीनाथराव खुबा मोडल्यापासून खाटेला खिळले आहेत. ते येऊ शकत नाहीत, म्हणून हिने जावे. इच्छा रास्त आहे. मी ती ऐकताक्षणी मान्य केली, हे येथे नोंदवून ठेवतो.

वाट सरळ आहे: झरीहून परभणी, तेथून गंगाखेड, पुढे पालम. अडचण एकच, मधली नदी, गंगा. उन्हाळाभर मोटार पात्रातल्या वाटेने पलीकडे उतरते. वर कुठे मोठा पाऊस झाला की ती वाट बुडते, ती दिवाळीनंतरच उघडते. सौ.ला आता बसवत नाही. पोटातल्या गाठीमुळे कुशीवरच निजावे लागते. बैलगाडीचे धक्के तिला सोसणार नाहीत. रेल्वेत चढणे, उतरणे आणि पुढे पुन्हा बैलगाडी, म्हणून तीही बाद. राहता राहिली राधाकिशनची पिकप. ती त्याने मिलिटरीच्या लिलावातून घेतली असून तिच्या उघड्या हौद्यातून तो सरकी आणि पेंड बाजारोबाजारी पोचवतो. हौद्यात गादी घालून आईला निजवून न्यावे, असे त्याने सुचवले. मलाही पटले.

प्रश्न उरला तो हौद्यावर आच्छादन कोणते घालावे, एवढाच. राधाकिशन म्हणाला, परवा निघू, जे मिळेल ते वर टाकू. ‘जे मिळेल ते’ हे उत्तर नव्हे. तारुण्यात मी गंगाखेडच्या शास्त्रीबुवांकडे तर्काचे पाठ घेतले, पुढे निजामी अमलात उर्दूतून वकिली केली; दोन्हीकडे एकच शिकलो. तनकीह, म्हणजे वादाचा मुद्दा, नीट आखला की निम्मा निकाल तिथेच लागतो. आता कचेरीची भाषा बदलली, माझ्याकडे पक्षकार येत नाहीत. तरी बुद्धीची शिस्त मोडण्याचे कारण नाही.

११ मे

तनकीहा आखल्या. आच्छादनाने ऊन अडवले पाहिजे, पाणी अडवले पाहिजे आणि नजर अडवली पाहिजे. पहिल्या दोहोंवर राधाकिशनची हरकत नाही. तिसरीवर तो अडला.

वडिलांच्या काळापासून आमच्या घरच्या स्त्रिया बैलांच्या धमणीतून, दोन्ही बाजूंना पडदे बांधून प्रवास करीत आल्या. सौ. या घरात लग्न होऊन आली ती पडद्यात, आणि त्यानंतर माहेरच्या प्रत्येक फेरीला गेली तीही पडद्यात. पुढे आगगाडी झाली तेव्हा डब्याच्या झडपा ओढलेल्या असत. तिने या बाबतीत एकदाही तक्रार केली नाही, आणि इतक्या वर्षांचे मौन हा भक्कम पुरावा होय. आता या वयात, सरकीच्या हौद्यात, भर बाजारातून लोकांच्या डोळ्यांदेखत तिला आडवी न्यायची काय?

राधाकिशन म्हणाला, “आबा, आता कोन बघायलंय? निजाम गेला, पडदे गेले. चतुरा बसात बसून सेलूला जाती.”

चतुरा म्हणजे आमची सून चतुराबाई. मी उत्तर दिले की रीत राज्याची नव्हती, घराची होती. राज्य गेल्याने घर जात नाही. तो उठून गाडीच्या चाकात हवा भरायला गेला.

१५ मे

पत्र्याचा टप करविला. परभणीच्या लोहाराने कमानींवर पत्रा ठोकून, मागे दार बसवून दिले. पाणी आणि नजर यांच्या दृष्टीने याहून निर्दोष काही असू शकत नाही. मी स्वतः चारी सांधे पाहिले.

प्रयोगादाखल सौ.ला आत निजवून गाडी वेशीपर्यंत न्यायची आणि परत आणायची असे ठरले. दार लावून मी पुढे ड्रायव्हर मुंजाजीच्या शेजारी बसलो. वेशीवरून वळताना मला मागून काहीतरी वाजल्याचा भास झाला. इंजिनाच्या घरघरीत मुंजाजीला ऐकू आले नाही, म्हणून मीही ते सोडून दिले. वाड्याशी येऊन दार उघडले तेव्हा सौ. घामाने निथळत होती, ओठ पांढरे पडले होते, आणि हात पत्र्यावर तसाच टेकलेला होता. ती बांगड्या वाजवीत होती. दोन फुटल्या.

चतुराबाईने पाणी मारले, वारा घातला. सौ. भानावर आल्यावर म्हणाली की काही झाले नाही, उगाच घाबरले. वैशाखात पत्रा तापतो हे मी गृहीत धरले होते. किती तापतो, ते नव्हते. पत्रा बाद. राधाकिशनने तो कोणाला न विचारता संध्याकाळीच उतरवून टाकला.

१९ मे

परभणीच्या डॉक्टरांना राधाकिशन घेऊन आला. त्यांनी पोट दाबून पाहिले आणि ओसरीवर येऊन सांगितले की आता कापाकापीत अर्थ नाही, त्यांना जिथे बरे वाटेल तिथे ठेवा, जे मागतील ते द्या. मी विचारले, रोगाचे नाव काय, मुदत काय, पथ्य काय? ते म्हणाले, पथ्य काही नाही. ज्याला पथ्य नाही असा रोग मी ऐकलेला नाही. डॉक्टर तरुण आहेत. मत अपूर्ण होते. राधाकिशन मात्र त्यांना पोचवायला गेला तो लवकर परतला नाही, आणि चतुराबाई जेवायला बसली नाही.

पालमला नेण्याची बोचकी तिने बांधून ठेवली आहेत. वैजीनाथरावांच्या घरी देण्यासाठी सौ.ने एक नवे लुगडे निराळे काढले. ते रोज सोडून पाहते आणि पुन्हा बांधायला लावते.

२३ मे

राधाकिशनने हिरवी मिलिटरीची ताडपत्री आणली. जुनी पण धडधाकट. मेण व डांबर यांचा तिला उग्र दर्प आहे. दोन दिवस उन्हात टाकली, चतुराबाईने शिकेकाईच्या पाण्याने धुतली, तरी दर्प जाईना. सौ.ला तिच्याखाली नेताच ओकारी झाली. बाद.

मुंजाजी कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, “वकीलसाब, गाडीचं लगीन लावायलेत का काय? नवरीला बी इतके शालू बघत न्हाईत.”

सौ. खाटेवरून हसली. हसताना पोटाला हात धरला. मग माझ्याकडे न पाहता, जणू चतुराबाईला सांगते आहे अशा रीतीने म्हणाली, “उगडीच जाऊ की मग.” ती थट्टेत भर घालीत होती हे उघड होते, म्हणून मी उत्तर दिले नाही.

२५ मे

दुपारी बानूबाई धनगरीण शेळीचे दूध घेऊन येते आणि सौ.पाशी बसते. तिचे माणूस, भुजंग, मेंढरे घेऊन दरवर्षी दिवाळीपुढे गंगेपार पालमकडे उतरते. उन्हाळ्यात परत येते. आज मी ओसरीवर होतो आणि आतले बोलणे सहज कानी पडत होते.

सौ. तिला रस्ता विचारीत होती. परभणी सोडल्यावर काय लागते, विहीर कुठे आहे, झाडे कसली. बानूबाई सांगत होती, “बाईसाब, पिंगळीच्या म्होरं लिंबाची रांग हाय. मग काळं रान, नुसतं काळं, नजर पुरत न्हाई. आन् गंगा आली की लय वारं. लुगडं धरून चालावं लागतंय.”

“आन् मंग?”

“मंग पल्याड देवळं. पान्यात उलटी दिसतेत.”

“उलटी?” सौ.ने विचारले, आणि हे तिने बानूबाईकडून दोनदा म्हणवून घेतले.

जिने हा रस्ता लग्नापासून कैक वेळा केला, तिने तो दुसरीला विचारावा, हे तर्काला धरून नाही. आजारात स्मृती क्षीण होते. डॉक्टरांना सांगायला हवे.

२८ मे

तट्ट्याचा टप घालून पाहिला. वाकवलेल्या कमानींवर कामट्यांचे विणलेले तट्टे. बैलगाडीवर असतात तसेच. वजन नाही, दर्प नाही, ताप नाही. सौ.ला आत निजवून गावाबाहेरच्या सखल लवणापर्यंत नेऊन आणले. परतल्यावर ती फार प्रसन्न दिसली. कुशीवर वळून तट्ट्याला गाल लावून पडली होती. कामट्यांचे वळ गालावर उमटले होते. उतरवायला गेलो तर राधाकिशनला म्हणाली, “येक चक्कर आनिक.” हा गारव्याचा परिणाम असावा.

परंतु मी तिसरी तनकीह विसरलो नव्हतो. टप रिकामा झाल्यावर चतुराबाईला आत बसवले आणि बाहेरून चारी अंगांनी पाहिले. कामट्यांच्या फटींतून चेहरा ओळखता येत होता. नेमका ओळखता येत होता. शिवाय जोराची सर आली तर तट्टे धरणार नाही.

बाद केल्याचे सांगितले तेव्हा राधाकिशन उभा राहून म्हणाला, “आबा, तुमी खटला जिंकायलेत. पर आमी कुटं लढायलोत?”

त्याच्या म्हणण्याचा अन्वय लागला नाही. मी त्याला म्हटले की आवाज चढवून मुद्दा चढत नाही.

२ जून

निर्णय झाला. नांदेडच्या पेढीकडून नवी, बिनवासाची, दुपदरी मेणकापडाची ताडपत्री मागवली. मागल्या बाजूला दोन पडदे, काठाला पितळी कड्या, बांधायला काथ्याचा दोर. ऊन, पाणी, नजर, तिन्ही तनकीहांचे उत्तर एकाच वस्तूत आहे. असा निर्दोष निष्कर्ष वकिलीतही क्वचितच हाती लागला असेल.

मुंजाजीने कळवले की गंगेच्या वाटेवर अजून घोट्याएवढेच पाणी आहे, पण रोज संध्याकाळी पश्चिमेला वीज लवते आहे.

सौ.चे जेवण दुधावर आले आहे. आज तिने मला हाक मारण्यासाठी चतुराबाईला पाठवले. मी गेलो. ती माझ्याकडे कुशीवर वळली. मग म्हणाली, “आयकलं का. वर काय बी घाला. पर पान्याच्या आदी न्या.”

मी तिला सांगितले की माल नांदेडहून निघाला आहे. तिने मान हलवली. तिला पटले.

७ जून

ताडपत्री आली. उत्तम. परंतु मागचे पडदे खाली वीतभर आखूड पडतात. शिवणाऱ्याची चूक नाही. माप मी दिले होते आणि ते हौद्याच्या फळीपासून दिले, तळापासून नव्हे. जोड लावण्यासाठी परभणीच्या शिंप्याकडे पाठवली. राधाकिशन म्हणाला की वीतभर फटीतून कोणाला काय दिसणार, उद्या पहाटे निघू. मी म्हटले, वीतभर फट म्हणजे फट. तो गेला. जाताना दार लावून घेतले नाही.

१० जून

जोड लागून आली. सांधा दिसतही नाही. तांब्यावर तांब्या पाणी ओतून पाहिले. आत थेंब नाही. उद्या निघायचे.

बानूबाईने आपल्या भुजंगाने विणलेले जाड घोंगडे गादीखाली घालायला दिले. धक्के कमी लागतील, म्हणाली. सौ.ने ते हाताने चाचपून पाहिले आणि विचारले की याच मेंढरांची लोकर का, गंगेपार जातात त्याच? बानूबाई म्हणाली, त्याच. सौ.ने रात्रीसाठीही तेच मागून घेतले.

११ जून

पहाटे निघालो. सौ. हौद्यात, सोबत चतुराबाई. मागचे पडदे मी स्वतः बांधले, प्रत्येक कडीतून दोर ओवून. राधाकिशन आणि मी पुढे, मुंजाजीजवळ. परभणीत थांबलो नाही. पुढे भुरभुर लागली. काचेवरून पाणी ओघळत होते, आणि मी मनाशी म्हटले की पाण्याच्या तनकीहेचा निकाल आता लागतो आहे. दोनदा राधाकिशनने गाडी थांबवून मागे जाऊन हाक दिली. आतून चतुराबाईचा आवाज आला की ठीक आहे.

गंगेच्या उतारावर आलो तेव्हा अलीकडे तीन बैलगाड्या सोडून ठेवलेल्या होत्या आणि माणसे बसली होती. वाट नव्हती. जिथे ती असते तिथे तांबडे पाणी काठोकाठ, फेस आणि उपटलेली झुडपे घेऊन चालले होते. वर कुठेतरी परवापासून मोठा पाऊस होता. होडी काठाला ओढून खुंट्याला बांधली होती. राधाकिशन होडीवाल्याकडे गेला, त्याचे हात धरले, पुष्कळ बोलला. होडीवाला म्हातारा होता. त्याने फक्त पाण्याकडे बोट दाखवले. परवा आला असता तर खाटेसकट नेली असती, असे तो म्हणाल्याचे मुंजाजीने मला सांगितले.

मी गाडीजवळ उभा राहून पर्याय मोजले. थांबावे, तर पाणी दिवाळीपर्यंत उतरत नाही. नांदेडकडून पुलावरून फिरून जावे, तर तो पल्ला तिला सोसवणार नाही; रेल्वे पूर्वीच बाद. तिसरा पर्याय शोधला. नव्हता. असे माझ्या बाबतीत पूर्वी घडलेले नाही.

पडद्याआडून सौ.ने विचारले, काय झाले. मी सांगितले की पाणी चढले आहे, परत फिरावे लागेल. मग ती मला उद्देशून, चारचौघांत, पहिल्यांदाच सरळ बोलली.

“आता तरी सोडा की ते.”

मी दोर सोडायला घेतला. नवा काथ्या भिजून फुगला होता आणि गाठी माझ्याच हातच्या, घट्ट होत्या. नखे लागेनात. एक सुटली की दुसरी. मागे माणसे उभी होती हे मला माहीत होते. मी मान वळवून पाहिले. त्या सगळ्यांनी, होडीवाल्यानेसुद्धा, आपण होऊन पाठ फिरवली होती आणि ते रानाकडे तोंड करून बसले होते. अखेर मुंजाजीने कोयता आणला व दोर तोडला. राधाकिशनने पडदे वर टाकले, ताडपत्री कमानींवरून पुढे गुंडाळली, आणि आईला खांद्याशी धरून उंच केले.

भुरभुर थांबली होती, पण वारा फार होता. चतुराबाईने तिचा पदर धरून ठेवला. सौ. पाण्याकडे पाहत राहिली. पलीकडे गंगाखेडचा घाट आणि देवळे दिसत होती. पाणी गढूळ असल्याने ती उलटी दिसत नव्हती. ते तिच्या लक्षात आले असावे, कारण तिने खाली वाकून दोन-तीनदा पाहिले.

मग म्हणाली, “येवढी हाय? आवाजावरनं मला वढ्यावानी वाटायची.”

पुढे मला विचारले, “लग्नाच्या वक्ताला आपली गाडी कुटून उतरली?”

मला सांगता आले नाही. मी तेव्हा घोड्यावर पुढे होतो.

परतताना ताडपत्री घालायला निघालो तर राधाकिशनने हात मध्ये घातला. मी आग्रह धरला नाही. दोर तुटलाच होता.

१२ जून

सौ. थकली आहे. झोपून आहे. बानूबाई आली होती, सौ.ने तिला सांगितले की लिंबाची रांग पाहिली, काळे रान पाहिले, परतताना. ‘परतताना’ हा शब्द तिने जपून उच्चारला.

२७ जून

झुंबरबाई आज सकाळी गेली. माझे कुटुंब. या वहीत हे नाव मी प्रथमच लिहितो. घेण्याची रीत नव्हती.

पालमला निरोप गेला आहे. तिकडून कोणी वेळेवर येऊ शकत नाही. वाट बंद आहे.

९ ऑगस्ट

राधाकिशन ताडपत्रीखाली सरकी नेतो. परवा जिंतूरच्या बाजूला दोन दिवस झड लागली. इतरांचा माल भिजला, याची एक गोणीही ओली झाली नाही. बाजारात लोक कुठून घेतली ते विचारतात. तो मला हे सांगताना माझ्याकडे पाहत नव्हता. वस्तू निर्दोष आहे. निवडीत चूक शोधण्याचा मी प्रयत्न केला. पायरी पायरीने सर्व पुन्हा तपासले. प्रत्येक पायरी टिकते.

१७ नोव्हेंबर

पात्रातली वाट उघडली. काल बानूबाई आणि भुजंग मेंढरे घेऊन त्याच वाटेने पलीकडे गेले. राधाकिशन पालमकडे पेंड घेऊन निघाला, तेव्हा वैजीनाथरावांच्या घरी द्यायचे लुगडे पोचवावे म्हणून मीही निघालो. बोचके चतुराबाईने जसे बांधले होते तसेच होते.

मी हौद्यात बसलो. राधाकिशन म्हणाला, “आबा, म्होरं बसा की, मुंजाजीच्या बाजूला.”

मी म्हटले, आच्छादनाची तपासणी आतून झालेली नाही, पडदे बांध. तो माझ्याकडे पाहत राहिला. मग वर चढून त्याने गोण्यांमध्ये घोंगडे अंथरले, मला हाताला धरून बसवले, आणि पडदे बांधले. गाठी सैल मारल्या.

आत काळोख असतो. पितळी कडीच्या भोकातून एक कवडसा येतो आणि गोण्यांवरून सरकत जातो. कवडसा कोठे वळला त्यावरून रस्ता कोठे वळला ते कळते, याहून अधिक काही कळत नाही. एका ठिकाणी भाजीवाल्यांचा कालवा ऐकू आला. अंतराच्या हिशेबाने मी पिंगळी ठरवली. मुंजाजीने हाक देऊन चहा विचारला तेव्हा समजले की अजून परभणीतच होतो. लिंबाची रांग केव्हा गेली ते सांगता येणार नाही. वारा लागत नाही.

मग गाडी उतरणीला लागली, खालून पाण्याचा आवाज आला, चाकांच्या वर चढला नाही, आणि लवकरच मागे पडला. त्याच तीरावर मी शिकलो. पात्राची रुंदी मला पाठ आहे. तरी डोळे मिटून केवळ कानांनी अजमास केला.

झुंबरबाईचे विधान असे होते की आवाजावरून गंगा ओढ्यासारखी वाटते. विधान तपासले. ते खरे आहे.